आरोग्य मासिकात लिहायचं का? आणि लिहायचं तर कोणत्या अटींवर?

मृण्मयी_नाशिक
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. आमच्या भागात चालणाऱ्या एका 'समग्र आरोग्य' छापाच्या मासिकाने मला सदर लिहाल का म्हणून विचारलंय. नाव सांगत नाही, पण चेहरा ओळखीचा असेल: आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, थोडा आहार, थोडं मानसशास्त्र, शेवटी एखादं पान अध्यात्म. महिन्याला आठशे शब्द. मानधन "सध्या नाही, पण अंक घरपोच येईल".

मानधनाचं सोडा. नमुना म्हणून मी नाचणीवर लेख पाठवला. कॅल्शियम किती, मोड आणून आणि आंबवून काय फरक पडतो, लहान मुलांना कशी द्यायची, एवढंच. संपादकांचा फोन आला, "मॅडम, लेख छान आहे पण कोरडा आहे. मथळा आम्ही देतो: नाचणी खा, गुडघेदुखी पळवा!" अहो, लेखात गुडघा हा शब्दसुद्धा नाही. मग मागचे अंक चाळले. वजनावरच्या एका लेखासमोर पूर्ण पान चूर्णाची जाहिरात, आणि तिच्यात त्याच लेखातली दोन वाक्यं उचललेली.

दुसरी बाजू अशी की माझ्याकडे निफाड, सिन्नर, येवल्याहून ज्या बायका येतात त्या हेच मासिक वाचतात. इंग्रजीतलं कुणी वाचत नाही. मी नाही म्हटलं तर ते पान रिकामं राहणार नाही, दुसरं कुणीतरी भरेल.

ज्यांनी अशा मासिकांत लिहिलंय त्यांचे अनुभव हवे आहेत. लिहावं का? आणि अटी घालता येतात का, की नवख्या लेखकाने तोंड मिटून बसायचं?

फक्कड
मी पयला!
गुडघे दुखत असताना दुखणं पळवायचं कसं म्हणे? आधी जरा चालवून बघा.

कडू_कारलं
सरळ उत्तर: लिहू नका.

तुमचं नाव, तुमची पदवी, तुमचा फोटो या तीन गोष्टी त्यांना हव्या आहेत. मजकूर कुठूनही मिळतो. तुमच्या खऱ्या लेखामुळे समोरच्या पानावरच्या चूर्णाला वजन येतं (आणि गिऱ्हाइकाचं उतरत नाही ते नाहीच).

शिवाय कायदा बघा. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याच्या परिशिष्टात ५४ रोगांची यादी आहे: मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, रक्तदाब, हृदयविकार, मूतखडे. यांतलं काही बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. पहिल्यांदा दोषी ठरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आता कुठलंही आरोग्य मासिक उघडा आणि मोजा. आणि जाहिरात लेखाच्या वेषात आली तर ती जाहिरात की लेख, हे ठरवताना तुमचं नावही त्या पानावर असणार.

जुना_खिळा
कारल्याशी अर्धा सहमत. लिहू नका हे सांगणं सोपं आहे. मी छापखान्यात खिळे (धातूची अक्षरं) जुळवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे उपसंपादक म्हणून निवृत्त झालो, त्यात आरोग्याचे दिवाळी अंकही काढले. लेखकांना कुणी सांगत नाही ते सांगतो.

मथळा संपादकाचा, हा रिवाज आहे आणि तो तुम्ही मोडू शकणार नाही. पण लेखाबरोबर तीन मथळे लिहून पाठवा, बरे आणि चटकदार. संपादक कामाच्या रगाड्यात असतो. तयार मिळालं की दहातले आठ जण त्यातलाच एक उचलतात. तुम्ही मथळा न देता लेख पाठवलात की मग गुडघे पळायला लागतात.

आठशे शब्द मागितले तर पावणेआठशे पाठवा. बाराशे पाठवलेत तर कापणार कोण? संपादक नाही. पानं लावणारा मुलगा कापतो, तेही अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री, मॅटर जागेत बसत नाही म्हणून. आणि तो नेहमी खालून कापतो. आता विचार करा, तुम्ही सगळे लोक "गरोदर स्त्रियांनी घेऊ नये", "औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं" हे कुठे लिहिता? शेवटच्या परिच्छेदात. तेच आधी जातं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. तुम्ही युनिकोडमध्ये टंकता, पुष्कळ छोटी मासिकं अजून जुन्या फॉण्टात पानं लावतात. रूपांतर करताना रफार इकडचे तिकडे होतात ते दिसतात तरी. दशांश चिन्ह उडालं तर दिसत नाही. म्हणून '०.५ ग्रॅम' असं कधी लिहू नका. 'अर्धा ग्रॅम' असं अक्षरी लिहा. चमचा लिहिलात तर चहाचा की जेवणाचा ते लिहा.

आणि लावलेल्या पानाचं प्रूफ बघितल्याशिवाय छापू देऊ नका. पूर्वी यासाठी पुण्याला यावं लागायचं, आता व्हॉट्सअॅपवर पानाचा फोटो येतो. नाही म्हणायला कुणाकडे कारण उरलेलं नाही.

मृण्मयी_नाशिक
खिळेकाका, वही काढून लिहून घेतलं. खालून कापतात हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

शेवळंवाली
'खालून कापतात' याला माझ्याकडून पुरावा घ्या.

आमच्याकडे पालघर-वसई पट्ट्यात पावसाच्या तोंडावर शेवळं येतात. रानभाजी आहे, बाजारात बायका जुड्या घेऊन बसतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेवळाचं वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळट भाग काढून टाकायचा, आणि शिजवताना काकडं घालायची. काकडं म्हणजे आंबट हिरवी छोटी फळं, शेवळंवालीकडेच वाट्यावर मिळतात. ती नसतील तर चिंच किंवा आमसूल. आंबट घातलं नाही तर घसा असा खाजतो की पाणी पिऊनही थांबत नाही. अळूचं जे आहे तेच, फक्त दुप्पट.

एका आरोग्य मासिकाच्या 'रानभाज्या विशेषांका'साठी मी हे सगळं लिहून दिलं. छापून आलं ते वाचा: "शेवळं स्वच्छ धुऊन बारीक चिरावीत व कांदा-खोबऱ्यावर परतावीत." काकडं गायब. पिवळा भाग काढायचं गायब. खाली लेहंगा-साडी दुकानाची चौकोनी जाहिरात. माझं नाव आणि गाव मात्र ठळक टाइपात! गावातल्या बायका महिनाभर विचारत होत्या, "अगं, तुझ्या आईने तुला हे शिकवलं नाही का?" संपादकांना फोन केला तर म्हणे पुढच्या अंकात खुलासा देऊ. पुढच्या अंकापर्यंत शेवळांचा हंगाम संपलेला असतो हो.

फक्कड
घसा खाजला की साडीच्या दुकानात जायचं, असा संपादकांचा हिशेब असेल.

वैद्य_सातारकर
मी बरीच वर्षं लिहितोय, तीन वेगवेगळ्या मासिकांत. कारलेराव, तुमचा राग कळतो पण 'लिहू नका' हे बरोबर नाही. चांगल्या वैद्यांनी लिहिणं सोडलं म्हणूनच ते पान चूर्णवाल्याला मिळालं.

माझा नियम एकच आहे: पथ्य लिहितो, औषध लिहीत नाही. दिनचर्या, ऋतुचर्या, जेवणाच्या वेळा, झोप, कोणत्या ऋतूत काय टाळावं, हे सर्वांना सांगता येतं. अमुक काढा इतके मिलिलिटर, हे सर्वांना सांगता येत नाही, कारण आमच्या शास्त्रातच ते माणूस बघून ठरवायचं असतं. प्रकृती, अग्नी, वय, बल, देश, काल. जो वैद्य मासिकात सरसकट मात्रा छापतो तो आधी आयुर्वेदाच्याच विरुद्ध जातो, अॅलोपॅथीचं नंतर बघू.

कडू_कारलं
वैद्यबुवा, हे तुम्ही पाळत असाल तर दंडवत. पण करोनात गुळवेलीचं काय झालं? प्रत्येक मासिकात गुळवेल. गॅलरीतल्या कुंडीत गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले. ते लेख लिहिणारेही "प्रतिकारशक्ती वाढवा" एवढंच तर म्हणत होते.

वैद्य_सातारकर
त्याच प्रकरणात आयुष मंत्रालयाने काय म्हटलं तेही सांगा ना. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेलं नाही असा त्यांचा आक्षेप होता.

कडू_कारलं
म्हणजे वाचकाला वेल ओळखता येत नाही, हेच ना? मग मासिकात "घराजवळची गुळवेल आणून उकळा" असं लिहिणाऱ्याने काय समजून लिहिलं? तुमच्या आक्षेपाने माझाच मुद्दा पक्का होतो.

वैद्य_सातारकर
या एका मुद्द्यावर मान्य. ओळख पटवता येत नसेल ती वनस्पती लेखात नको.

घाटावरचा_पैलवान
ल्ह्या की ताई! आमच्यात म्हातारी माणसं ह्येच वाचत्यात. चष्मा लावून, बोट ठेवून. पर एक सांगतो, सोपं ल्ह्या. 'अँटिऑक्सिडंट' आलं की आमचा आबा पान उलटतोय.

माई_डोंबिवली
मी लेखिका नाही, वाचक आहे. या धाग्यावर वाचकाचं कुणी ऐकतंय का ते बघू.

माझ्या सासूबाईंची कात्रणांची फाइल होती, आता माझी आहे. आंबेहळदीपासून झोपेपर्यंत सगळं. परवा तुमचा धागा वाचून ती उघडली आणि मुद्दाम बघितलं. एकाही कात्रणावर 'प्रयोग करण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा' ही ओळ नाही. कारण ती ओळ अंकाच्या दुसऱ्या पानावर, संपादक-मुद्रक-प्रकाशकांच्या खाली, मुंगीएवढ्या टाइपात असते. कात्रण कापताना कोण तिथे जाणार? निम्म्या कात्रणांवर तर लेखकाचं नावही उरलेलं नाही. महिना नाही, साल नाही. फक्त चौकट: 'हे करून पाहा'.

आणि आता कात्रीही लागत नाही. माझी जाऊ चौकटीचा फोटो काढते आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकते. लेख कुणी टाकत नाही, चौकटच टाकतात. तेव्हा मृण्मयी, तुला जे काही सावधपणाचं सांगायचं आहे ते चौकटीत सांग. बाहेर लिहिलंस तर आमच्यापर्यंत पोचत नाही.

जुना_खिळा
माई, उभा राहून टाळ्या. आयुष्यभर चौकटी लावल्या पण हे कुणी बोललं नव्हतं.

शेवळंवाली
+१०० माई. पुढच्या वेळी काकडं चौकटीत!

आहारशास्त्री_परभणी
माईंच्या मुद्द्याला एक उदाहरण जोडते. दुधीचा रस. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस हा या मासिकांचा लाडका विषय. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, आणि कडू रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमली होती. तिचा सल्ला अगदी साधा: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर सगळा टाकून द्या, आणि दुसऱ्या कशाचा रस त्यात मिसळू नका.

शेवटचं महत्त्वाचं, कारण मासिकात नेमकं उलट छापतात: "चव आवडत नसेल तर त्यात आवळा, पुदिना घाला." कडूपणा हीच धोक्याची घंटा, आणि आपण ती झाकायची युक्ती शिकवतो. 'चाखून बघा, कडू तर टाका' हे पाच शब्द चौकटीतल्या पहिल्या ओळीत यायला हवेत, तिसऱ्या परिच्छेदात नव्हे.

जाता जाता, मृण्मयी, नाचणीच्या लेखात कॅल्शियमचा आकडा कोणता दिलास? १०० ग्रॅमला ३४४ मिलिग्रॅम की ३६४?

मृण्मयी_नाशिक
३६४. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यातला. ३४४ हा त्यांच्याच जुन्या तक्त्यातला, अजून सगळीकडे तोच फिरतो. संपादकांनी विचारलं होतं की गुगलवर वेगळा का दिसतो. मी म्हटलं स्रोत कंसात छापा. म्हणे कंसाने वाचक बिचकतो.

फक्कड
वीस मिलिग्रॅमसाठी इतकं? आमच्याकडे सोनारसुद्धा एवढं सोडतो.
(हलके घ्या.)

मासिकवाला
बराच वेळ गप्प वाचत होतो. आता राहवत नाही. मी असंच एक छोटं आरोग्य मासिक चालवतो, वेगळ्या जिल्ह्यात. म्हणजे या धाग्यातला खलनायक मीच.

जरा आमचा हिशेब ऐका. वर्गणीदार मुख्यतः साठीच्या पुढचे. त्यांतले पुष्कळ 'आजीव वर्गणीदार', वडिलांच्या काळात एकदा काहीशे रुपये भरलेले, आणि देवाच्या कृपेने (व आमच्या लेखांमुळे!) सगळे ठणठणीत. त्यांना अंक पाठवत राहायचा. कागद, छपाई, टपाल, पानं लावणाऱ्याचे पैसे हे वर्गणीतून निघत नाहीत. निघतात जाहिरातीतून. आणि आरोग्य मासिकाला जाहिरात कोण देणार? मोटारकंपनी देत नाही. चूर्णवाला, तेलवाला, मसाज केंद्रवाला, सेंद्रिय गूळवाला. १८६७ चा कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला, त्याची कागदपत्रं मी स्वतः रात्री बसून भरली, कारण कार्यालय म्हणजे मी आणि माझी पत्नी.

कारलेसाहेब, ५४ रोगांची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. 'मधुमेह मुळापासून' वाली जाहिरात मी परत पाठवतो. त्या महिन्याचा तोटा मीच सोसतो, तेव्हा तुमच्यातलं कुणी वर्गणी भरायला येत नाही.

लेखकांबद्दलही बोलू द्या. माझ्याकडे महिन्याला जे लेख येतात त्यांतला मोठा हिस्सा व्हॉट्सअॅपवरून उचललेला असतो. हल्ली तर यंत्राने लिहिलेले लेख येतात, गुळगुळीत, सगळे परिच्छेद एका मापाचे. "संतुलित आहार ही काळाची गरज आहे." असा लेख वाचला की कोणत्या गावातून आला तेही कळत नाही. त्यापेक्षा शेवळंवाल्या ताईंचे दोन परिच्छेद मला द्या, मी पहिलं पान देतो. मानधनही देतो, थोडं, पण देतो.

शेवळंवाली
काकडं कापणार नाही असं लिहून द्या, मग बघू.

कडू_कारलं
मासिकवाले, जाहिरात परत पाठवता याबद्दल मनापासून आदर. पण मग लेखासमोर जाहिरात लावायची नाही एवढं तरी जमेल का? आहाराच्या लेखासमोर सेंद्रिय गूळ नको, गाद्यांची जाहिरात लावा.

मासिकवाला
गूळवाला पैसे 'गोडधोड' लेखासमोरच्या पानाचेच देतो. गादीवाला 'पाठदुखी' मागतो. हे जमणार नाही, खोटं कशाला सांगू. दोन पानांच्या मधे एक पान सोडायचं, एवढं करू शकतो. ते मी करतो.

कलम_बहाद्दर
वकिली सल्ला फुकट देतोय, घ्या.

१. जाहिरातीत तुमची वाक्यं उचलली तर ते सरळ तुमच्या लेखनहक्काचं उल्लंघन आहे. मासिकाला लेख छापायला दिला म्हणजे चूर्णवाल्याला वापरायला दिला असं होत नाही.

२. लेखनहक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. फोनवर "छापा हो" म्हटल्याने मालकी जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

३. लेख असा बदलला की तुमच्या लौकिकाला धक्का बसेल, तर कलम ५७ खाली तक्रार करता येते. काकडं गाळल्याने लौकिकाला धक्का बसतो की नाही, यावर माझा युक्तिवाद तयार आहे.

प्रत्यक्षात कुणी कोर्टात जात नाही. पण लेखाबरोबरच्या ईमेलमध्ये दोन ओळी टाका: 'हा लेख एका अंकात एकदा छापण्यासाठी. मजकुरातील बदल व मथळा माझ्या संमतीने. जाहिरातीत वापर नाही.' उत्तरात त्यांनी 'ठीक' लिहिलं तरी पुढे पुष्कळ कामाला येतं.

टोरोंटोकर
इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेतही 'आरोग्य' पान असतं आणि भांडणं हीच. फरक एवढाच की आमच्याकडे जाहिरात घरं विकणाऱ्याची असते, त्यामुळे पाठदुखीच्या लेखासमोर तळघरासह बंगला.

प्रा_महाशय
विषय निघालाच आहे तर: अशा मासिकाला आयएसएसएन क्रमांक असेल तर लेख पदोन्नतीसाठी धरतात का? माझा 'ताणतणाव व प्राणायाम' हा लेख तयार आहे.

जुना_खिळा
प्राध्यापकसाहेब, आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक. दर्जाचा शिक्का नाही. रेशनकार्डावर क्रमांक असतो म्हणून कुणी श्रीमंत होत नाही.

कडू_कारलं
आणि प्राणायामावर लिहिणार असाल तर काही मोजलंय का, की नुसतंच 'प्राणवायूचा पुरवठा वाढतो'?

योगिनी_लोणावळा
कारलेदादा, 'मोजलंय का' हा प्रश्न योगवाल्यांना नवा नाही बरं का. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. त्यात उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटातला दाब किती कमी होतो हे दाबमापक लावून मोजलेले प्रयोग छापले आहेत, क्ष-किरणांची छायाचित्रं आहेत. शंभर वर्षांपूर्वी! जुने अंक हातात घेतले की आजच्या पुरवण्यांची लाज वाटते. 'या आसनाने अमुक ग्रंथी उत्तेजित होते' असं बिनधास्त ठोकून देतात, कुणी बघितली ती ग्रंथी?

मी योगावर लिहिते तेव्हा कृती बारीक लिहिते: श्वास कधी सोडायचा, गुडघा किती वाकवायचा, कुठे ताण जाणवला पाहिजे आणि कुठे जाणवला तर थांबायचं. फायद्यांची यादी संपादक मागतातच. मी 'माझ्या वर्गात लोकांना असं जाणवलं' असं लिहून देते.

कडू_कारलं
हे आवडलं. तुम्ही लिहा, मी वर्गणी भरतो.

फक्कड
धाग्याला ऐतिहासिक वळण! कारलं गोड झालं!

मृण्मयी_नाशिक
किती छान प्रतिसाद. अजून एक विचारायचं राहिलं. संपादक म्हणताहेत की लेखाऐवजी 'वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं' असं सदर घ्या, ते जास्त वाचलं जातं. पत्राने, व्हॉट्सअॅपने प्रश्न येतील. हे घ्यावं का?

वैद्य_सातारकर
माझं मत: नको. रुग्ण समोर नाही, नाडी नाही, रिपोर्ट नाहीत. 'वय ५२, पोट साफ होत नाही, उपाय सुचवा.' काय सुचवणार?

माई_डोंबिवली
मी उलट सांगते. आम्ही मासिक उघडून पहिलं तेच वाचतो. डॉक्टरसमोर जे विचारायला लाज वाटते ते तिथे दुसऱ्याच कुणीतरी विचारलेलं असतं.

जुना_खिळा
माईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मराठीत आरोग्य मासिकांचा इतिहास बघायचा तर र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' बघा. १९२७ ते १९५३, कर्वे जाईपर्यंत चालवलं, जवळजवळ एकहाती. वाचक लैंगिक शंका विचारायचे आणि कर्वे थेट, रोखठोक उत्तरं द्यायचे. १९३४ चा खटला त्या उत्तरांवरूनच भरला गेला. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी दंड झाला तो झालाच. माणसाने मासिक बंद केलं नाही.

तेव्हा प्रश्नोत्तरं टाकाऊ नाहीत. पण कर्वे उपचार सांगत बसले नाहीत, माहिती देत होते. तेच करा. 'हे सामान्य आहे', 'हे सामान्य नाही, उद्याच दाखवा', 'या तपासण्या लागतील', 'डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा'. एवढं उत्तर दिलंत तरी त्या ५२ वर्षांच्या माणसाचं काम होतं.

वैद्य_सातारकर
असं असेल तर माझा विरोध मागे. 'डॉक्टरांना काय विचारावं' हे सदर मीही आवडीने लिहीन.

घाटावरचा_पैलवान
खरं तर त्येच पायजे. डॉक्टरम्होरं गेलं की आमचा आबा नुसता मान हालवतोय.

मृण्मयी_नाशिक
बरं, आज संपादकांशी बोलले. सविस्तर सांगते.

पानाचं प्रूफ: लगेच कबूल. म्हणाले, "आजवर कुणी मागितलंच नाही." मथळे: तीन पाठवले, त्यातला 'नाचणी: कुणी खावी, किती खावी, कशी खावी' घेतला. कोरडा आहे म्हणत म्हणत घेतला. चौकट मी स्वतः लिहून देणार, तिच्यात बदल करायचा नाही हेही ठरलं. चौकटीतली पहिली ओळ लेखाच्या नावाची आणि माझ्या नावाची, म्हणजे फोटो फिरला तरी कुणाचं म्हणणं आहे ते कळेल (माई, थँक्यू!). कलमदादांच्या दोन ओळी ईमेलमध्ये टाकल्या. उत्तर आलं, "ओके मॅडम."

जाहिरातीचं मात्र जमलं नाही. समोरच्या पानाबद्दल ते काहीच शब्द द्यायला तयार नाहीत. लेखातली वाक्यं उचलणार नाहीत एवढं म्हणाले. तीन अंक लिहून बघायचं ठरवलंय. चूर्ण समोर आलं तर चौथा लेख नाही, हेही सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, बघू.

प्रश्नोत्तरं दिवाळीनंतर.

कडू_कारलं
तीन अंक मीही विकत घेऊन बघतो. पान क्रमांकासकट इथे टाकेन.

मासिकवाला
मृण्मयीताई, तिकडे नाही जमलं तर आमच्याकडे एक पान सोडून जाहिरात ही पद्धत आधीपासून आहे, एवढंच नोंदवून ठेवतो. धंदा आहे शेवटी.
शेवळंवाल्या ताई, जून अंकाचं मॅटर आम्ही एप्रिलअखेर बंद करतो. फोटो तुमचेच हवेत, सोललेल्या आणि न सोललेल्या दोन्ही शेवळांचे. काकडांचा वेगळा.

शेवळंवाली
एप्रिलअखेर शेवळं कुठून आणू? जमिनीतून वर यायला पाऊस लागतो. गेल्या वर्षीचे फोटो मोबाईलमध्ये आहेत का ते बघते.

नवीन_सभासद_७१
मी पण लेख लिहितो, विषय 'तांब्याच्या भांड्यातील पाण्याचे ७ चमत्कारिक फायदे'. कुठे पाठवू?

जुना_खिळा
आधी हा धागा वरून वाचा.